डाय बदलायला सव्वादोन तास का लागायचे? (भोसरीच्या प्रेसशॉपमधून)

प्रेसशॉप_भोसरी | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं प्रेसशॉप आहे. बाबांनी दोन प्रेसवर सुरू केलं होतं. आज पाच पॉवर प्रेस आहेत, सगळ्यात मोठा १६० टन दाबाचा. माणसं बावीस. दुचाकी आणि ट्रॅक्टरला लागणारे ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असे पत्र्याचे जॉब करतो. गेली चार वर्षं कारखाना मी बघते.

मागच्या वर्षी मार्चमध्ये एका मोठ्या ग्राहकाने आमचा एक पार्ट काढून दुसऱ्याला दिला. भाव जास्त नव्हता, मालात खोट नव्हती. माल वेळेवर जात नव्हता, एवढंच कारण. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी आमच्या शेडमध्ये चालायला जागा नव्हती, इतके बिन (मालाचे डबे) भरून पडले होते. माल भरपूर होता, त्यांना हवा तो नव्हता. ही गोष्ट मला झोपू देईना.

टोयोटाच्या ताइइची ओनोंबद्दल सांगतात की ते जमिनीवर खडूने गोल काढायचे आणि मॅनेजरला तासन् तास त्यात उभं करायचे: बघ, काय दिसतं ते बघ. मी खडू घेतला नाही, पण ६३ टनी प्रेससमोर सलग दोन दिवस उभी राहिले. तिसऱ्या दिवशी आमच्या सेटरला (प्रेसवर डाय बसवणारा कारागीर) विचारून डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलण्याचं पूर्ण काम मोबाइलवर चित्रित केलं. मग तो, दोन हेल्पर आणि मी चहा घेत ते बघायला बसलो. एकूण १३५ मिनिटं. पुढचा जॉब कुठला हे विचारण्यात आणि सांगण्यात २०. रॅकमध्ये डाय तळाशी, तिच्यावर आणखी दोन, चेन पुली दुसरीकडे अडकलेली, यात ३५. पाने, टी-बोल्ट आणि पॅकिंगचे तुकडे शोधण्यात २५. जुनी डाय सोडून नवी बांधण्यात १५. शट हाइट, म्हणजे प्रेस मिटल्यावर डायसाठी उरणारी उंची, जुळवण्यात २०. ट्रायल मारून क्वालिटीवाल्याचा पहिल्या पीसला होकार येईपर्यंत २०.

म्हणजे बांधण्याचं खरं काम पंधरा मिनिटांचं. सेटर स्वतःच म्हणाला, "ताई, मी दिवसभर घाम गाळतो आणि त्यातला निम्मा शोधण्यात." त्याच्या आवाजात राग होता आणि तो रास्त होता. सेटिंगला वेळ लागतो म्हणून इतकी वर्षं मी त्यालाच बोलत होते.

मग एकेक गोष्ट केली. पहिला जॉब चालू असतानाच पुढची डाय प्रेसशेजारी येऊन थांबते. त्यासाठी बोल्स्टरच्या, म्हणजे प्रेसच्या टेबलाच्याच, उंचीची रोलरवाली ट्रॉली बनवून घेतली, डाय ढकलली की सरकते. प्रत्येक प्रेसची स्वतःची हत्यारं, स्वतःचे बोल्ट, ठरलेल्या जागी. ६३ टनीवर चालणाऱ्या चौदा डायना खालून ठोकळे लावून सगळ्यांची उंची एक केली, क्लॅम्प बसतो ती कडही एका मापाची केली. त्यामुळे शट हाइट जुळवण्याचं काम जवळपास उरलंच नाही. या एका कामाला दोन महिन्यांचे गुरुवार गेले. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्याकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते.) पहिला पीस तपासायचं गेज प्रेसपाशीच टांगलं आणि पहिली तपासणी ऑपरेटरला शिकवली.

आज ६३ टनीवर ३२ मिनिटं लागतात. १६० टनीवर अजून तास जातो, तिथली अडचण वेगळी आहे. तुमच्यापैकी कुणी असं काही केलं असेल तर लिहा. दुकान असो, दवाखाना असो, ऑफिस असो.

गेजमास्तर | सोमवार, रात्री ११.२५

ताई, आकड्यांसकट लिहिलंत म्हणून मीही आकडेच लिहितो. मी चाकणला क्वालिटीत आहे.

तुम्ही केलंत ते जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंचं काम आहे. १९५० साली हिरोशिमाच्या तोयो कोग्योत, म्हणजे आजच्या माझदात, त्यांच्या लक्षात आलं की सेटिंगचे दोन भाग असतात: मशीन थांबवूनच करावं लागतं ते, आणि मशीन चालू असतानाही करता येतं ते. १९६९ मध्ये टोयोटातल्या हजार टनी प्रेसचं सेटिंग त्यांनी चार तासांवरून दीड तासावर आणलं, आणि मग व्यवस्थापनाने मागितलं म्हणून तीन मिनिटांवर. लोकांना ती तीन मिनिटं आठवतात. मला आधीचं वर्गीकरण मोठं वाटतं, कारण त्याला पैसा लागत नाही.

तुमच्या शेडमध्ये चालायला जागा का नव्हती, याचंही उत्तर सेटिंगमध्येच आहे. डाय बांधायला सव्वादोन तास लागत असतील तर कुठलाही शहाणा माणूस ती बांधल्यावर सहा हजार पीस मारूनच सोडणार. १९१३ साली हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने लॉटचं, म्हणजे एका वेळी किती पीस मारायचे याचं, गणित मांडलं. त्यात किफायतशीर लॉट सेटिंगच्या खर्चाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. तुमचं सेटिंग साधारण पाव झालं, म्हणजे लॉट निम्मा करायला हरकत नाही. केलात का? पुष्कळ लोक इथेच चुकतात. सेटिंगचा वेळ वाचवतात आणि त्या वाचलेल्या वेळात आणखी माल मारतात. शेड पुन्हा भरते.

दुसरं गणित जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलं. ते आमच्या शिपायालाही समजतं. आत अडकलेला माल भागिले रोज बाहेर जाणारा माल, म्हणजे एका पीसला लागणारे दिवस. शेडमध्ये एका पार्टचे ६,००० पीस अर्धवट पडलेत आणि रोज ५०० जातात, तर आज आत आलेला पत्रा बाराव्या दिवशी बाहेर पडेल. प्रत्यक्ष प्रेसखाली तो काही सेकंदच असतो.

प्रेसशॉप_भोसरी | मंगळवार, सकाळी ७.५०

गेजमास्तर, तुम्ही अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. पहिले दोन महिने आम्ही नेमकं तेच केलं. वाचलेल्या वेळात माल मारत राहिलो. मग मोजून चाळीस लाल बिन आणले आणि ठरवलं की चाळीसही भरले असतील तर प्रेस थांबेल. बाबांना ते बघवेना. "मशीन रिकामं ठेवतेस?" प्रेसच्या हप्त्यासाठी त्यांनी आयुष्यभर जिवाचं रान केलं, त्यांना थांबलेलं मशीन पाहून दुखणारच. पण सात मुदांमध्ये, म्हणजे वाया जाण्याच्या सात प्रकारांमध्ये, ओनोंनी अतिउत्पादनाला सर्वांत वाईट का म्हटलं, ते चाळीस बिन संपले त्या दिवशी कळलं. बिन संपले म्हणून आम्ही वेल्डिंगला जाणारा माल का अडलाय ते बघायला गेलो. तिथे एक फिक्श्चर (वेल्डिंगला पार्ट धरून ठेवणारा साचा) तीन आठवडे वाकलेलं होतं. मालाच्या ढिगामागे कुणाला दिसलंच नव्हतं.

निवृत्त_फोरमन | मंगळवार, दुपारी १२.१५

बाळा, वाचून बरं वाटलं. पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. क्वालिटी सर्कलचे, म्हणजे कामगारांनी एकत्र बसून कामातले प्रश्न सोडवायचे, दिवस जवळून पाहिले. इशिकावांनी जपानात १९६२ ला सुरू केलेली ती चळवळ आपल्याकडे १९८० च्या सुमारास आली. आम्ही आठ जण आठवड्याला तास बसायचो, कारणं शोधायला माशाच्या सांगाड्यासारखी आकृती फळ्यावर काढायचो. काही सर्कल नुसती बक्षिसापुरती चालली, तेही खरं. पण ज्या सर्कलने स्वतःचा प्रश्न स्वतः निवडला तिचं काम मी रिटायर होईपर्यंत टिकलेलं पाहिलं. साहेबांनी निवडून दिलेले प्रश्न वर्षभरात विरले.

एक सांगतो. वर्षात एक दिवस आपल्याकडे प्रत्येक कारखान्यात फाइव्ह एस (जागा आवरून, साफ ठेवायची जपानी पद्धत) होतं, ते म्हणजे खंडेनवमीला. मशीन पुसून लख्ख, हत्यारं धुऊन मांडलेली, नको ते भंगारात, वर झेंडूची माळ. त्या दिवशी मशीन पुसताना मला तेलाची गळती दिसायची, तडा दिसायचा, सैल नट सापडायचा. पुसणं म्हणजे तपासणं. माझ्या पोरांना मी म्हणायचो, पूजा वर्षातून एकदा करा, पण पुसणं रोज शिफ्ट संपताना दहा मिनिटं. जपानी शब्द पाठ नाही झाले तरी चालतील.

आणि एक काळजी. प्रेसवर घाई वाईट. दोन्ही हातांनी दाबायचं बटण असतं ते एका हाताने चालावं म्हणून काडी खुपसून ठेवलेली मी पाहिली आहे. बोटं गेलेली पाहिली आहेत. ३२ मिनिटांची २५ करताना डायखाली हात घालणारा माणूस आधी प्रेस लॉक करतो का, सेफ्टी ब्लॉक (प्रेस खाली येऊ नये म्हणून मधे लावायचा ठोकळा) लावतो का, ते स्वतः उभी राहून बघ.

कंत्राटी_दहा_वर्षं | मंगळवार, रात्री ९.०५

सगळे कौतुक करताय म्हणून दुसरी बाजू लिहितो. राग मानू नका.

मी दोन कारखान्यांत हे "लीन", म्हणजे वाया जाणारं काम कमी करायची पद्धत, पाहिलं. पहिल्या ठिकाणी बाहेरून माणूस आला, घड्याळ लावलं, आम्ही खरं खरं दाखवलं. तीन महिन्यांनी लाइनवरची सहा माणसं कमी. सगळी कंत्राटी. दुसऱ्या ठिकाणी माणसं राहिली, पण ओटी (ओव्हरटाइम) गेला. आमच्यासारख्यांचं घर ओटीवर चालतं. दुप्पट दराचे ते तीस तास म्हणजे मुलीची फी आणि खोलीचं भाडं. सेटिंग लवकर झालं, काम वेळेत उरकलं, साहेब खूश. आम्ही पाचला घरी आणि हातात कमी पैसे. मग पुढच्या वेळी घड्याळ लावलं की माणूस हळू काम करणार नाही तर काय करेल? त्याला तुम्ही आळशी म्हणणार.

ताई, तुमच्या सेटरच्या ओटीचं काय झालं? तेवढं सांगा.

प्रेसशॉप_भोसरी | बुधवार, सकाळी ६.३०

दादा, राग कसला. हाच प्रश्न मला आमच्या सेटरच्या बायकोने विचारला होता, दिवाळीला घरी गेले तेव्हा. तोवर माझ्या डोक्यातही आला नव्हता.

खरं सांगते. पहिल्या चार महिन्यांत त्याचा ओटी महिन्याला तीसेक तासांवरून सहा तासांवर आला. सुधारणा त्याच्या हाताने झाली आणि फटका त्यालाच बसला. पगारपत्रक समोर घेऊन मी आणि बाबा रात्री बसलो. उशिराचा माल पोचवायला आम्ही जी स्पेशल टेम्पोभाडी भरत होतो, ग्राहक ज्या डेबिट नोट (पैसे कापल्याच्या चिठ्ठ्या) पाठवत होता, त्या दोन्ही जवळपास बंद झाल्या होत्या. म्हणजे पैसा वाचला होता, पण तो फक्त आमच्याकडे आला होता. मग सेटर आणि आठ ऑपरेटरांच्या मागच्या वर्षीच्या सरासरी ओटीच्या निम्मी रक्कम दरमहा पगारात कायमची मिळवली. पूर्ण नाही जमली. पुढच्या एप्रिलला उरलेल्यातलं किती देता येतं ते हिशेब समोर ठेवून बोलू, असं नोटीस बोर्डवर सहीनिशी लावलं आहे. सेटिंग कमी झालं म्हणून कुणालाही काढणार नाही, हेही त्याच कागदावर आहे, आणि त्यात पाच कंत्राटी माणसंही धरली आहेत.

त्यानंतरच हेल्परांकडून कल्पना येऊ लागल्या. त्याआधी येत होत्या त्या माझ्या दबावाने. रोलर ट्रॉलीला अडसर हवा, नाहीतर डाय पायावर येईल, हे त्यातल्या एकाने सांगितलं. मला ते सुचलं नसतं.

कंत्राटी_दहा_वर्षं | बुधवार, दुपारी १.१०

निम्मं म्हणजे निम्मं गेलंच. पण कागदावर लिहून लावलं, एवढं आजवर कुणी केलेलं पाहिलं नाही. एप्रिलला काय झालं ते इथेच लिहा, मी वाट बघतो.

वॉर्ड_सिस्टर | बुधवार, रात्री १०.२०

कारखान्यातलं मला कळत नाही, पण "शोधण्यात निम्मा वेळ" वाचून लिहावंसं वाटलं. पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात नर्स आहे. डॉक्टर सकाळी नऊला सांगतात, आज घरी जा. पेशंट प्रत्यक्ष निघतो तीन वाजता. नातेवाईक आमच्यावर ओरडतात, आणि खाली कॅज्युअल्टीत दुसरा पेशंट बेडसाठी ताटकळतो.

आम्ही तिघींनी वीस पेशंटच्या फायलींवर वेळ लिहायला सुरुवात केली. फाइल कुठे पोचली, कधी उचलली. वाटायचं की विम्याच्या मंजुरीत वेळ जातो. जातोच. पण त्याआधी फाइल दीड-दोन तास न वापरलेली औषधं परत करण्यात अडकायची, कारण सगळे वॉर्ड एकाच वेळी, दहाच्या सुमारास औषधं परत पाठवायचे आणि फार्मसीत दोनच माणसं. आता उद्या कोण जाणार याचा अंदाज आदल्या संध्याकाळी डॉक्टरांना विचारतो आणि जास्तीची औषधं रात्रपाळीत परत करतो. विम्याची फाइल दोन तास आधी जाते. बहुतेक पेशंट दुपारच्या जेवणाआधी निघतात. एक फॉर्म बदलला नाही, एक माणूस वाढवला नाही.

पोळीभाजी_कोथरूड | गुरुवार, सकाळी ११.००

सिस्टर, छान. माझं पोळीभाजी केंद्र आहे, चौघी जणी आहोत. आमच्याकडे तेल, तिखट, गोडा मसाला ऐन वेळी संपायचा आणि मुलगा दुकानात पळायचा. आता प्रत्येक गोष्टीचे दोन डबे. पहिला संपला की दुसरा उघडायचा आणि रिकामा डबा दाराजवळच्या फळीवर ठेवायचा. संध्याकाळी फळीवर जे डबे दिसतील तेवढंच सामान आणायचं. वही नाही, यादी नाही. माझा भाचा म्हणाला, मावशी, याला कानबान म्हणतात. असेल.

पोळ्यांचंही तसंच. आधी सहा वाजताच दोनशे करून ठेवायचो, आठला येणाऱ्याला गार आणि कडक पोळी मिळायची, उरल्या तर तोटा. आता टोपलीत तीसच्या खाली गेल्या की पुढची कणीक तव्यावर. फक्त चतुर्थीला आणि पावसाच्या दिवशी अंदाज चुकतो.

गेजमास्तर | गुरुवार, दुपारी ३.४५

मावशी, ओनोंनीही ही कल्पना अमेरिकन सुपरमार्केटवरून घेतली होती. फळीवरून गेलं तेवढंच पुन्हा भरायचं.

कंत्राटी दादांच्या मुद्द्यावर मला आणखी बोलायचं आहे, कारण चूक बहुतेकदा आमच्या क्वालिटीच्या लोकांची असते. पुष्कळ कारखान्यांत बोर्डवर ऑपरेटरच्या नावापुढे रोजचं रिजेक्शन लिहितात. ज्याचं जास्त त्याला बोलावतात. हे किती चुकीचं आहे ते घरी करून बघा. किराणा दुकानातून वाटाणे आणा, पांढरे ३,२०० आणि हिरवे ८००. पातेल्यात मिसळा. घरातल्या सहा जणांना डोळे मिटून प्रत्येकी ५० काढायला सांगा. हिरवा म्हणजे खराब पीस. सरासरी दहा येतील, पण कुणाला सहा, कुणाला चौदा. आता चौदावाल्याला झापा आणि सहावाल्याला पेढा द्या. पुढच्या फेरीत उलट होईल. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग हा प्रयोग रंगीत मण्यांनी करून दाखवायचे. हिशेब केला तर साधारण २ ते १८ यांच्यामधला कुठलाही आकडा हा नुसता योगायोग ठरतो. पातेल्यात हिरवे वाटाणे कुणी टाकले, प्रश्न तो आहे. पत्रा खराब कुणी घेतला, डायला धार कुणी लावली नाही. ते ऑपरेटरच्या हातात नसतं.

या सीमा काढायची रीत वॉल्टर श्यूहार्ट यांनी मे १९२४ मध्ये बेलच्या कंपनीत एका पानावर मांडली. आपले संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले. म्हणजे हे ज्ञान आपल्याकडे टोयोटाच्या बोलबाल्याच्या कितीतरी आधी आलं होतं. नाव लिहून झापायचा बोर्ड मात्र अजून टिकून आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मागवाला | गुरुवार, रात्री ८.३०

मी मूळचा इचलकरंजीचा, आता पुण्यात. १९२४ वरून आठवलं. साकिची तोयोदांचा स्वयंचलित माग त्याच सालचा. धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. ज्याने माग चालवलाय त्याला याची किंमत कळते: धागा तुटून माग चालू राहिला तर वारभर कापड वाया. थांबणारा माग असला की एका माणसाला कितीतरी माग सांभाळता येतात. त्या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले आणि तो पैसा मोटारीच्या खटपटीला लागला. आज कारखान्यात ऑपरेटर दोरी ओढून लाइन थांबवतो, त्याचं मूळ त्या मागात आहे.

तळेगाव_युनिट | शुक्रवार, सकाळी ९.४०

सल्लागाराची फी परवडत नाही. सरकारी मदत मिळते का?

प्रेसशॉप_भोसरी | शुक्रवार, रात्री १०.१५

मिळते. केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची लीन योजना मार्च २०२३ पासून नव्या रूपात आहे. उद्यम नोंदणी हवी. बेसिक, इंटरमीडिएट, ॲडव्हान्स्ड असे तीन टप्पे. बेसिक ऑनलाइन शिकून होतं. पुढच्या टप्प्यांत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलतं. पण एक सांगते, सल्लागार यायच्या आधी स्वतःचं एक चित्रीकरण करून आपल्या माणसांसोबत बघा. नाहीतर तो सगळ्या भिंतींवर तक्ते लावून जाईल.

फोरमनकाका, तुमची सूचना वाचून दुसऱ्याच दिवशी पहिल्या शिफ्टला उभी राहिले. लॉक करतात. पण सेफ्टी ब्लॉक पाच प्रेसला मिळून दोनच होते आणि एक कपाटात. घाई असली की तो आणायला कोण जाणार? हे आमच्या चित्रीकरणात दिसायला हवं होतं. मी मिनिटं मोजत होते म्हणून दिसलं नाही. आणखी तीन ब्लॉक करायला टाकलेत, साखळीने प्रेसलाच बांधलेले. ते येईपर्यंत ६३ टनीची मिनिटं मोजणं बंद ठेवलं आहे.

१६० टनीला तास का लागतो ते मला सुटलेलं नाही. डाय जड, क्रेन एक, आणि तीच पत्र्याचा गठ्ठाही उचलते. काका, पुढच्या बुधवारी वेळ असेल तर याल का? साडेनऊच्या चहानंतर त्या प्रेसवर डाय बदलायची आहे. गेटवर सेटर घ्यायला येईल. त्यालाच तुमच्याशी बोलायचं आहे.

निवृत्त_फोरमन | शनिवार, सकाळी ६.०५

येतो. क्रेनवाल्यालाही थांबायला सांग. आधी त्याच्याशी बोलू.